स्वस्तातला परिग्रह

दशलक्षण पर्वात नवव्या दिवशी, म्हणजे उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, आमच्या महिला मंडळात दोन शब्द बोलायचं काम बारा-तेरा वर्षं माझ्याकडंच आहे. विषय ठरलेला, परिग्रह. माझी उदाहरणंही ठरलेली. कपाटात कोंबलेल्या साड्या, लॉकरमधलं सोनं, माळ्यावर काळी पडत चाललेली पितळेची भांडी आणि श्रीखंडाचे रिकामे डबे. डब्यांपाशी बायका हमखास हसतात. हसून झालं की मी गंभीर होते, मुनीमहाराजांच्या पिंछी-कमंडलूकडं येते आणि संपवते.

२०२४ च्या पर्वात मात्र मी एका मोटारीबद्दल बोलले. दोनच माणसांची, चाळीस वर्षांहून जुनी, इटलीतली एक निळी स्पोर्ट्स कार. सुरुवातीला बायकांना वाटलं, ही परदेशवारीचं कौतुक सांगतेय. तसं नव्हतं. त्या गाडीनं माझी बारा वर्षांची भाषणं मला परत ऐकायला लावली होती, आणि ती ऐकताना मला बरं वाटलं नव्हतं. तेच इथं नीट लिहून काढते.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी त्या वर्षी स्टुटगार्टला होते. बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर जूनमध्ये आठ दिवस तुरिनला भाच्याकडं गेले. हा माझ्या भावाचा मुलगा. बेळगावात इंजिनिअर झाला, पुढं शिकायला तुरिनला गेला आणि तिथंच नोकरीला लागला. निघायच्या आदल्या दिवशी वहिनींचा निपाणीहून फोन. "वन्सं, तुमचं ऐकतो तो. ती गाडी विकून टाक म्हणावं." आदल्या दिवाळीला तो घरी आला नव्हता. तिकिटासाठी ठेवलेले पैसे त्या गाडीच्या पत्र्याच्या कामात गेले, असं त्यानंच आईला सरळ सांगितलं होतं. "मुलीबिलीच्या पायात राहिला असता तर समजलं असतं हो," वहिनी म्हणाल्या, "पत्र्यासाठी?"

तर मी गेले ती वकीलपत्र घेऊनच.

गाडीचं नाव एक्स-वन-नाईन. तिथली माणसं 'इक्स उनो नोवे' म्हणतात. फियाट कारखान्यातला तो नुसता प्रकल्पाचा क्रमांक, पुढं तोच नाव म्हणून राहिला. भाच्यानं पहिल्याच संध्याकाळी मला तिची सगळी कुळकथा ऐकवली. मला मोटारीतलं काही कळत नाही, पण सांगणाऱ्याला कळत असलं की ऐकावंसं वाटतं.

इंजिन माणसांच्या पाठीमागं पण मागच्या चाकांच्या पुढं, म्हणजे गाडीच्या पोटात बसवायचं, ही शर्यतीच्या गाड्यांची तऱ्हा. जड वस्तू मध्याजवळ असली की गाडी चटकन वळते. मी म्हटलं, "भरलेली कळशी कडेवर घेतली तर बाई वाटेल तशी वळते, हात लांब करून धरली तर स्वतःच भोवंडते, तसंच ना?" तो म्हणाला, "आत्या, आम्हाला हे शिकायला एक सेमिस्टर लागलं." साठच्या दशकात अशी रचना रस्त्यावरच्या गाड्यांत आली ती श्रीमंतांसाठी. लॅम्बोर्गिनीची मिउरा १९६६ ची. सामान्य माणसानं ती फक्त चित्रात बघायची. फियाटनं काय केलं? १९६९ साली त्यांची १२८ नावाची साधी घरगुती गाडी निघाली होती, इंजिन पुढं आणि आडवं बसवलेलं. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स उचलून सीटांच्या मागं ठेवला. अंगावरचा पेहराव बेर्तोने या तुरिनच्या गाड्यांचे सांगाडे घडवणाऱ्या घराण्याचा, आणि रेखाटणारा मार्चेल्लो गांदिनी. मिउराला रूप देणारा हाच. त्या मार्चमध्येच तो वारला होता आणि भाचा त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलत होता. १९७२ च्या अखेरीस गाडी बाजारात आली, १९८९ पर्यंत निघत राहिली, दीड लाखाच्या आसपास खपली. पहिल्या गाड्यांना १२९० सीसीचं ७५ अश्वशक्तीचं इंजिन होतं, १९७८ नंतर १४९८ सीसीचं ८५ अश्वशक्तीचं. भाच्याची १९८१ ची, म्हणजे मोठ्या इंजिनाची. आजच्या हिशेबानं ही ताकद काहीच नाही.

घरातल्याच सामानात केलेलं पक्वान्न, असं मला ते सगळं ऐकून वाटलं. छपराचा मधला पत्रा निघतो आणि पुढच्या डिकीत सपाट झोपतो, तरी पिशवीला जागा उरतेच. इंजिनाच्या मागं आणखी एक छोटी डिकी. सीटांच्या मागं पेट्रोलची टाकी आणि जादा चाक शेजारीशेजारी. दिवे एरवी पापणी मिटून असतात, रात्री वर येतात. एवढ्याशा जागेत एवढं नीट बसवणारा माणूस कुणाच्यातरी स्वयंपाकघरात वाढलेला असणार.

आणि किंमत? भाच्यानं ती सात हजार युरोंना घेतली. आपले साडेसहा लाख धरा. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या भावानं, आदल्याच वर्षी निपाणीत बावीस लाखांची उंच गाडी घेतली होती. "आता तूच सांग आत्या," तो म्हणाला, "परिग्रह कुणाचा मोठा?"

प्रश्न बिनतोड होता आणि मी त्यात लगेच अडकले. कारण आपण सगळे परिग्रह रुपयांतच मोजतो. पण उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे काय हे सांगताना वस्तूचं नाव घेतलेलं नाही, किमतीचंही नाही. त्यांनी शब्द वापरला मूर्च्छा. वस्तूपायी जी शुद्ध हरपते ती. बाहेरचा परिग्रह दहा प्रकारचा सांगितला आहे. शेत, घर, सोनं-चांदी, धन, धान्य अशी ती यादी. आणि आतला चौदा प्रकारचा. त्यात मिथ्यात्व आहे, क्रोध-मान-माया-लोभ आहेत, हसणं, आवड, नावड, शोक, भय हेसुद्धा आहेत. बाहेरच्यापेक्षा आतली यादी लांब आहे, हे मी बारा वर्षं बोलत होते. पण मोजत होते साड्या.

या मापानं बघितलं तर भाच्याची बाजू पडते. भाऊ त्याच्या बावीस लाखांच्या गाडीकडं ढुंकूनही बघत नाही, ड्रायव्हर धुतो, ड्रायव्हर चालवतो. भाच्याचा मात्र रविवार गाडीखाली जातो. या गाड्यांना गंज फार. पाणी थंड करणारा रेडिएटर पुढं आणि इंजिन मागं, त्यामुळं पाण्याच्या लांबच लांब नळ्या गाडीच्या पोटातून जातात, त्यात हवा अडकली की इंजिन तापतं. ती हवा काढायला त्याला मी दोन तास उकिडवा बसलेला बघितला, सलाईनच्या नळीतला बुडबुडा बघणाऱ्या नर्ससारखा. एका वहीत सगळी नोंद. कुठला बोल्ट कधी बदलला, कुठल्या महिन्यात किती किलोमीटर. या मुलानं लहानपणी एकदाही स्वतःचं ताट उचलून ठेवलं नव्हतं.

मग ही मूर्च्छा की जपणूक? इथं मला आमच्याच मुनींच्या आचाराची आठवण झाली. आमच्या भागातलं भोज हे आचार्य शांतिसागर महाराजांचं गाव. माझ्या आजीनं त्यांना बघितलेलं, ती सांगायची की महाराज कमंडलू खाली ठेवायचे ते आधी पिंछीनं जागा हलकेच झाडून. याला आदान-निक्षेपण समिती म्हणतात, उचलण्या-ठेवण्यातली सावधगिरी. ज्यानं सगळं सोडलं तो माणूस उरलेल्या दोन वस्तू निष्काळजीपणानं हाताळत नाही. म्हणजे वस्तूची काळजी घेणं हाच दोष नव्हे. उलट, ड्रायव्हरवर टाकलेली बेफिकिरी म्हणजे अपरिग्रह, असंही नव्हे. भाऊ गाडीकडं बघत नाही, कारण त्याला ती हवीशी नाही असं नाही. त्याला दुसरी आणता येते, एवढंच.

पण महाराजांची काळजी कमंडलूसाठी नव्हती, कमंडलूखाली सापडणाऱ्या मुंगीसाठी होती. हा फरक मला तिसऱ्या दिवशी कळला.

त्या दिवशी संध्याकाळी तो मला सुपर्ग्याला घेऊन गेला. तुरिनच्या बाहेर टेकडीवर मोठं घुमटाचं चर्च आहे, तिथवर वळणावळणाचा रस्ता. गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच मांडी घालायची. पंचावन्न वर्षांची, नऊवार नव्हे पण पाचवार नेसलेली बाई त्यात कशी शिरली ते सांगत नाही. "आधी बस की आत्या, मग पाय घे," असा तो बाहेरून सूचना देत होता. छपराचा पत्रा काढलेला. गाडी सुरू झाली आणि इंजिन माझ्या कानामागंच बोलायला लागलं. वेग फार नव्हता, मी काटा बघत होते, साठच्या वर गेला नाही. पण जमीन इतकी जवळ की साठाचे शंभर वाटत होते. वळण आलं की गाडी माझ्या पाठीच्या कण्याभोवती फिरल्यासारखी वळायची. चौथ्या-पाचव्या वळणाला माझ्या तोंडून आपोआप हसू फुटलं. मोठ्यानं. वकीलपत्र कुठल्या कुठं गेलं.

आणि वास. तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा, जुन्या रबराचा. "आजोबांच्या फियाटचा वास येतो की नाही?" तो म्हणाला. त्याचं इंजिन पुढं होतं, याचं मागं. वास मात्र तोच.

वर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. खाली पो नदी, शहर, पलीकडं आल्प्स. मी उतरून पुढं आले आणि गाडीचा मोहरा बघितला. नाकावर आणि काचेवर चिलटं, पाकोळ्या, कसलेकसले पंख चिकटलेले. भाचा फडकं घेऊन आला आणि हळुवार पुसायला लागला. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाचे दोष मोजताना कारणाशिवाय हिंडणं आणि हिंडवणं हेही मोजलं आहे. माती, पाणी, आग, वारा यांची विनाकारण उस्तवार करण्याच्या शेजारी ते बसवलं आहे. परिग्रहाची मर्यादा कशी मोडते ते सांगताना त्यांच्या यादीतला पहिला शब्द आहे 'अतिवाहन'. त्या काळी बैलाघोड्यांना त्यांच्या ताकदीबाहेर चालवणं असा त्याचा अर्थ. कॉलेजात असताना मला वाटायचं, मोटारी आल्या, हा दोष आता इतिहासजमा झाला. सुपर्ग्याच्या पायऱ्यांवर बसून वाटलं, नाही झाला. आम्ही वर काही कामासाठी आलो नव्हतो. हिंडण्यासाठी हिंडलो होतो.

मी हे त्याला सांगितलं. त्यानं वाद घातला, घालणारच. वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा चालवत नाही म्हणाला. एवढ्याशा गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. नवी दोन टनांची गाडी बनवायला जे खोदावं, जाळावं लागतं त्याचं काय? जुनं टिकवतो हे पुण्य नाही का? मला हे पटलं, आणि तरी ते वकिली वाटलं. कारण नवी गाडी आणि ही गाडी असा त्याच्यापुढं पर्यायच नव्हता. तो कामाला ट्रॅमनं जातो. ही नसती तर काहीच नसतं.

तेवढ्यात दोन मुलं आली, त्यांची आई मागं. त्यांना गाडीत बसायचं होतं. भाच्यानं आनंदानं दार उघडलं. धाकट्याच्या हातात आइस्क्रीमचा कोन. व्हायचं ते झालं, सीटवर पिवळा थेंब पडला. मी भाच्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. एक क्षण, फक्त एक क्षण, तो काळवंडला. मग हसून "काही नाही, काही नाही" म्हणाला. आतल्या चौदा परिग्रहांतले निदान चार मी त्या क्षणात मोजले असते, पण मोजायला मी तिथं नव्हतेच. त्याच्या आधी मीच पुढं वाकून पदरानं सीट पुसत होते. आणि त्या पोराकडं मी कशी बघितले कुणास ठाऊक, ते आईमागं लपलं.

एका तासात गाडी माझी झाली होती.

परतताना मी गप्प होते, कारण मला दुसरी गाडी आठवत होती. १९७९ साली अण्णांनी, माझ्या वडिलांनी, प्रीमियर पद्मिनी घेतली. घरात तिचं नाव कायम फियाटच, कारण मूळ फियाटचंच. ती बने मुंबईत, कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात, आणि ती कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली. "सोलापूरच्या वालचंदशेठची, आपल्या माणसाची गाडी," अण्णा पाहुण्यांना सांगायचे. आपल्या माणसानं इतकं मोठं केलं याचा अभिमानही परिग्रहात येतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आम्हीही नाही. अण्णांनी भावाला चालवायला शिकवली. मला नाही. मी त्या गाडीचं चाक एकदाही हातात धरलेलं नाही.

अण्णा २००६ साली गेले. मळ्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागायची वेळ आली तेव्हा मी हक्कसोडपत्रावर हसतहसत सही केली. चार एकर काळी जमीन. मनात काही हललं नाही, आणि याचा मला जरा अभिमानच होता. मंडळातल्या भाषणात नाव न घेता मी तो दाखलाही दिलेला आहे. फियाट मात्र वखारीच्या शेडमध्ये उभी होती, टायर बसलेले, आत उंदरांची घरटी. मी माहेरी गेले की एकदा दार उघडून आत बसून यायची. २०१३ साली भावानं ती अकरा हजारांना भंगारात दिली. मला न सांगता. जागा हवी होती. मी त्याच्याशी दीड वर्ष नीट बोलले नाही. राखी पोस्टानं पाठवली.

त्या दीड वर्षात उत्तम आकिंचन्याचे दोन दिवस येऊन गेले. दोन्ही वर्षी मी बोलले. श्रीखंडाच्या डब्यांपाशी बायका हसल्या.

तेव्हा मला कळलं ते असं. परिग्रहाला मालकी लागत नाही. चार एकर जमीन माझी होती आणि मला चिकटली नव्हती. अकरा हजारांचा गंजका पत्रा माझा कधीच नव्हता, आणि त्यापायी मी सख्ख्या भावाला दूर केलं. स्वस्त वस्तूचा धोका हाच आहे की तिच्याबाबत आपण पहारा ठेवत नाही. बावीस लाखांपुढं माणूस निदान दचकतो, लोक काय म्हणतील याचा तरी विचार करतो. सात हजार युरो, अकरा हजार रुपये, यांना दारावर कुणी अडवत नाही.

मग भाच्याला काय सांगायचं? विकून टाक म्हणायचा अधिकार मला उरला नव्हता. आणि विकून तरी काय होतं, माझी तर भंगारात जाऊनही गेली नव्हती. महाव्रत मुनींचं, ते सगळं सोडतात. गृहस्थाला सांगितलं आहे ते परिग्रह-परिमाण. माप आधी ठरव, मग त्याच्या आत राहा. मी पूर्वी याला दुय्यम, सवलतीचं व्रत समजत असे. आता वाटतं, यातली 'आधी' ही अट फार अवघड आहे. गंज दिसल्यावर माप ठरवता येत नाही. तेव्हा बोलतो तो गंज.

शेवटच्या रात्री जेवताना मी त्याला म्हटलं, "गाडी ठेव. पण तुझ्या त्या वहीत पहिल्या पानावर दोन आकडे लिही. वर्षाला किती पैसे, आणि वर्षाला किती किलोमीटर. आणि घरी यायच्या तिकिटाचे पैसे त्या वहीत येताच कामा नयेत, ते वेगळ्या खात्यात." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "किलोमीटर किती लिहू?" मी म्हटलं, "ते मी कशी सांगू? मी पण हसले ना वळणांवर." त्यानं काय आकडा लिहिला मी विचारलं नाही. काचेवरच्या पाकोळ्यांचा हिशेब त्या आकड्यानं सुटत नाही, हे मला माहीत आहे. तो कमी होतो, एवढंच. तेवढ्यावर समाधान मानावं का, याचं उत्तर माझ्यापाशी अजून नाही.

मंडळात हे सगळं बोलून झाल्यावर एकीनं विचारलं, "मग विकली का त्यानं?" सगळ्यांना तेच हवं होतं. मी नाही म्हटलं. जरा निराशा झाली.

पुढं क्षमावाणीच्या दिवशी मी भावाला फोन केला. दरवर्षी करते, 'कळत-नकळत काही चुकलं असेल तर' वगैरे म्हणते. यंदा नाव घेऊन मागितली. म्हटलं, "फियाटपायी मी दीड वर्ष तुझ्याशी बोलले नाही, त्याची क्षमा कर."

पलीकडं शांतता. मग तो म्हणाला, "फियाटपायी होय? मला वाटलेलं मळ्यावरनं. सही करून पस्तावलीस म्हणून." मी काही बोलले नाही. अकरा वर्षं त्यानं ते मनात धरलेलं होतं, आणि तोही दर क्षमावाणीला कळत-नकळत म्हणत होता.

थोड्या वेळानं म्हणाला, "पोरगं दिवाळीला येतंय. तिकीट काढलंय. तू पण ये."